काटा हलेपर्यंत

काल वाटूरच्या गॅरेजात नव्या ऑइलचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

कपाशीवर औषध फवारणारं आमचं छोटं विमान कित्येक वर्षांपूर्वी एकदा जालन्याच्या धावपट्टीवर उभं होतं. त्याचं इंजिन मी पूर्ण खोलून नव्यानं बांधलं होतं. असं इंजिन आतून कोरडं असतं. म्हणून प्लग काढून पंखा हातानं फिरवत राहायचं, ऑइलच्या दाबाचा काटा हलेपर्यंत. मगच स्टार्टर. मॅनेजरनं पंख्याला आधीच हार घातला होता. मी फिरवत होतो, झेंडूच्या पाकळ्या तोंडावर पडत होत्या, आणि काटा ढिम्म हलत नव्हता.

"मिस्त्री, मुहूर्त चाललाय. दाबा बटन!" मॅनेजर ओरडले.

"न्हाई दाबत. बेअरिंग जळतील. मंग वर गेल्यावर मुहूर्त धरून ठेवणार का विमान?"

मुहूर्त गेला. नंतर काटा हलला आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

इतकी वर्षं मी मॅनेजरवरच चिडत आलो. आता चीड येते ती आमच्या पायलटची. ते शेजारीच नारळ घेऊन उभे होते आणि मला म्हणाले होते, "कशाला अडून राह्यले मिस्त्री, दाबून टाका."

अहो, वर तुम्हीच जाणार होते ना!