बापूंच्या गाडीची मान

गाडी थांबली की हवालदार बापू आधी उतरून चारही चाकांपाशी वाकायचे आणि पालथा हात लावून चाक तापलंय का ते बघायचे. फौजेतल्या ड्रायव्हरची सवय. तिला ते ‘हॉल्ट परेड’ म्हणत. ही परेड चहाच्या टपरीवर व्हायची, लग्नाच्या हॉलसमोर व्हायची, आणि एकदा तर मयताला गेलो असताना, माणसं खांदा द्यायला खोळंबली होती तेव्हाही झाली. शेवटी बॉनेटवर थाप मारून ते म्हणायचे, “दमला न्हाई गडी.” गाडीला हे सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय माणसांनी हलायचं नाही.

माझं कुपवाडला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. चोवीस वर्षं फौजेत काढून बापू कृष्णाकाठच्या आपल्या गावी परतले आणि पोरांनी घेऊन दिलेली सात सीटची नवी गाडी घेऊन एक दिवस माझ्या दारात उभे राहिले.

“मिस्त्री, हिच्या मागं ट्रॉली जोडायची हाय. हुक करून दे.”

“बापू, ही घरची गाडी. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडतात.”

“मला शिकवतोस व्हय रं? जन्मभर गाड्याच वढल्यात मी.”

खरं कारण काकींचं होतं. बापू सरहद्दीवर असताना काकींनी एकटीनं शेती, म्हातारी माणसं आणि दोन पोरं सांभाळली. उन्हाळ्यात घरी शेवयांचं मशीन चालवलं. गावोगावच्या बायका त्यांना बोलवायच्या, पण बिडाचं ते जड मशीन आणि बरोबरची चक्की न्यायची कशी? “रिटायर झालो की मी न्हीन तुला,” असं बापू दर सुट्टीत कबूल करून जायचे. काकींनी ते एकदाही विसरू दिलं नाही. स्वतःच्या कामासाठी गावाची वेस ओलांडायची त्यांची हौस तेवढ्या एका शब्दावर तग धरून होती.

हुक होईपर्यंत बापू तीन दिवस माझ्याच स्टुलावर बसून होते. त्यांना उसाच्या ट्रॉलीची पिन लावून हवी होती. मी म्हटलं, “एवढं लोखंड लावलं तर गाडी जागची हलायची नाही.” शेवटी चासीला घट्ट बोल्ट करून बेताचा हुक बसवला, ट्रॉलीच्या दिव्यांना वायर ओढली, हुक निसटलाच तर धरून ठेवायला साखळी दिली. कागदांसाठी बापूंनी आरटीओत इतक्या चकरा मारल्या, की तिथला शिपाई त्यांना सलाम ठोकायला लागला.

बापूंचं एक तत्त्व होतं. “चूक कबूल केली की शिक्षा हुती. गप उभं ऱ्हायलं की नुसती चौकशी हुती.” हे तत्त्व त्यांनी फौजेतून थेट स्वयंपाकघरात आणलं होतं. घरातली दुधाची किटली त्यांच्या हातून पडली तरी चौकशी मांजराची व्हायची. काकी म्हणायच्या, “इतक्या वर्सांत ह्यांचं कायबी चुकल्यालं न्हाई. सगळं आपसूकच घडतंय.”

पहिली फेरी वाईची ठरली, काकींच्या माहेरची. आठ घरच्या बायका रवा घेऊन तयार होत्या. मी बापूंना बजावलं होतं, “मशीन आणि चक्की चाकांच्या थोडं पुढं, हुकाकडं ठेवा. हुकावर जरा भार पाहिजे, नाहीतर ट्रॉली झुलायला लागते.” त्यांनी लहान मुलाचं ऐकावं तसं ऐकून घेतलं. वर म्हणाले, “कागदावरची गॅरंटी नको. तूच मागच्या सीटवर बस.”

सकाळी बघतो तर ट्रॉलीवर ताडपत्री टाकून फौजी गाठी मारलेल्या. विचारलं, “पुढं ठेवलंय ना सगळं?”

“जितलं तितं हाय.”

कराड सोडलं आणि एका उतारावर ट्रॉली हलायला लागली. आधी हळूच, मग म्हशीनं शेपूट झोडावं तशी. मागून हिसके बसत होते आणि गाडी आपल्या मनानं डावी-उजवी करत होती. इथं मात्र बापूंना मानलं पाहिजे. त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही, स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं आणि वेग आपोआप उतरू दिला. ट्रॉली कठड्याला घासली आणि आम्ही कडेच्या मातीत आडवे थांबलो. कुणाला खरचटलंही नाही.

काकी उतरल्या. बापूंनी तेव्हा काय करावं? ते चाकांना हात लावत सुटले! काकींनी ते बघितलं, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, “मशीन इकून टाका. ह्या गाडीत मी परत बसायची न्हाई.” समोरच्या फाट्यापर्यंत चालत जाऊन त्यांनी वाईची एसटी धरली.

“हुक ढिल्ला असंल तुझा,” बापू म्हणाले. हुक तसूभर हलला नव्हता. मग वाऱ्याचा दोष निघाला, मग टायरचा. मी ताडपत्री सोडली. मशीन आणि चक्की दोन्ही पार मागच्या फळीला टेकवलेली.

“बापू!”

“नवी हाय रं ती,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “तिच्या मानंवर वजन कशाला?”

मग उलगडा झाला. बैलगाडीत माल पुढं झाला की जू बैलांच्या मानेवर दाबतं, म्हणून तो जरा मागं सारायचा, हे त्यांना वडिलांनी शिकवलेलं. तीच माया बापूंनी गाडीला लावली होती. मला हसूही येईना आणि रागावताही येईना. दोघांनी मिळून सगळं पुढं ओढलं, पक्कं बांधलं. मग वाईपर्यंत ट्रॉली गुमान मागून आली.

वाईला काकी भावाच्या अंगणात पाठ करून बसल्या होत्या. भोवती रव्याच्या पाट्या घेतलेल्या बायका. बापू पुढं गेले, सावधानमध्ये उभे राहिले आणि पुटपुटले, “चूक माझी हुती.”

काकी वळल्या नाहीत. “मोठ्यानं बोला. दादाला ऐकाय कमी येतं.”

बापूंनी श्वास घेतला आणि नदीच्या घाटावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “चूक माझी हुती! मिस्त्रीनं सांगितल्यालं मी ऐकलं न्हाई!”

दादांचे कान उत्तम होते, हे मला जेवताना कळलं. काकी तोवर उठल्या होत्या. त्यांनी स्वतः ताडपत्री उचलून मशीन कुठं ठेवलंय ते बघितलं, हलवून बघितलं, आणि पदर खोचला. “उतरवा. रवा भिजवायचाय.”

पुढं चार उन्हाळे ती दोघं सातारा-सांगलीतली गावं हिंडली. ट्रॉलीत माल काकी लावायच्या, बापू निमूट दोर आवळायचे. मागच्या थंडीत बापू गेले. एवढा हटवादी माणूस, पण त्यांची आठवण आली की वर्कशॉपमध्ये हातातलं काम थांबतं. भेटायला गेलो तेव्हा काकींना विचारलं, “त्या दिवशी वाईहून येताना परत त्याच गाडीत बसलात. भीती नाही वाटली?”

“लय वाटली. पर चुकलो म्हणल्याल्या माणसाला वाटंत एकटं सोडायचं व्हय?” त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग फोटोकडं बघून म्हणाल्या, “आन् आता मलाच एकटीला सोडून गेलेत. ही चूक कवा कबूल करणार, इचारा की त्यास्नी.”