पाणथरीच्या पेशी

दिवसाआड त्यांचं द्रावण बदलावं लागायचं. रविवार असो की गणपती, विश्रांतवाडीहून बस पकडून मी प्रयोगशाळेत हजर. प्लॅस्टिकच्या चपट्या बाटलीच्या तळाला चिकटलेल्या त्या पेशी माणसाच्या पाणथरीतल्या, म्हणजे प्लीहेतल्या, तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून अस्तर घालणाऱ्या. म्हाताऱ्या रक्तपेशी त्या अस्तराच्या फटींतून अंग चोरून बाहेर पडतात. ज्या ताठर झाल्या त्या अडकतात आणि तिथेच संपतात. माझा प्रबंध या अडकण्यावरच होता. खिडकी नसलेल्या त्या खोलीत बसून मला त्याचा अनुभवही फुकट मिळत होता.

बाबांचं वर्षश्राद्ध आलं तेव्हा मी पुरती कोंडले. मी एकुलती एक. वर्ध्याकडच्या आमच्या गावात श्राद्ध मुलगी करणार म्हटल्यावर भावकी उखडली होती. काका म्हणाले, पुतण्या आहे ना. आईने सगळ्यांशी भांडून तो मान माझ्यासाठी मिळवला होता. तिथी पुढे ढकलता येत नाही. पेशीही थांबत नाहीत, आणि ही शेवटच्या कुपीतली खेप होती. नवी परदेशातून येईपर्यंत माझी शिष्यवृत्ती संपली असती.

पेशी दुसऱ्यावर सोपवून जाणं पोळ्याला एकदा करून पाहिलं होतं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी कॅन्सरच्या पेशी वाढवायचा. त्या गाजरगवतासारख्या कुठेही माजतात. त्याने चांगल्या मनाने, आपल्या सवयीने, माझ्या एका बाटलीतल्या पेशी आठ बाटल्यांत वाटल्या आणि मला फोटो पाठवला, 'बघ, तुझं काम वाचवलं.' माझ्या पेशींना शेजार लागतो. विरळ पडल्या की त्या वाढायचंच सोडतात. परत आले तर आठही बाटल्या ओस. त्याच्यावर धड रागावताही येईना, आणि याचाच मला जास्त राग आला.

मार्गदर्शक बाईंकडे रजा मागितली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"अहो, खुशाल जा. फक्त पेशींची लेखी परवानगी घ्या."

जिन्यात उभी राहून आईला फोन लावला. खरं सांगते, तिने ओरडावं म्हणूनच लावला. तिने 'ये' म्हणून दरडावलं असतं तर मी बाटली, प्रबंध, बाई, सगळं टाकून निघाले असते.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोनाची हाय थे पानथरी?"

"माहीत नाही. नाव सांगत नाहीत. माणूस वारल्यावर घरच्यांनी दान दिलेली."

"म्हंजे थो गेलेला हाय."

"हो."

फोनवर तिच्या मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"मंग तू तिथंच राय. तुह्या बाबाले घास ठेवाले इथं मी हाय. त्या मानसाले तिथं तुह्याशिवाय कोन हाय? त्याच्यासाठी मी एक पान जास्तीचं वाढीन."

भांडून मिळवलेला तो मान तिने माझ्यासाठी मुकाट्याने काकांना परत केला, आणि निघायला माझ्याकडे आता कुणाचंच कारण उरलं नाही.

तिथीला चुलतभाऊ श्राद्धाला बसला. त्याच वेळी मी काचेआड हात घालून बाटलीतलं जुनं द्रावण हळूहळू ओढून घेत होते. खूप रडू येत होतं. पण हातमोजे चढवले की डोळ्यांना हात लावायचा नसतो.