नैवेद्याआधीची सळई

मार्च २००६, शनिवार सकाळ, इंग्लंडमधल्या स्लाऊ गावचा कम्युनिटी हॉल. हजर: आमच्या ज्येष्ठांच्या लंच क्लबात स्वयंपाक करणाऱ्या सुमनताई, फूड हायजीन शिकवायला आलेली हेलन आणि क्लबची सेक्रेटरी म्हणून मी.

काल डॉक्टरकडे नर्सने दंडाला स्पिरिटचा बोळा लावला आणि ती सकाळ पुन्हा नाकात शिरली. सर्टिफिकेट नसेल तर स्वयंपाकघर बंद, अशी कौन्सिलची तंबी होती. हेलनने तसाच बोळा अन्नाचं तापमान मोजायच्या थर्मामीटरच्या सळईवर फिरवला आणि सळई थेट आमटीत खुपसली. नैवेद्य अजून दाखवायचा होता.

“देवाआधी हिची सळई जेवली!” सुमनताई कडाडल्या.

मी भाषांतर केलं. हेलन हसली. “तुमच्या देवाकडे सर्टिफिकेट आहे?”

तेही मी सांगितलं.

“मग स्वयंपाकही सळईकडूनच करून घे म्हणावं!” ॲप्रन टेबलावर आपटून सुमनताई निघून गेल्या.

तेव्हा वाटलं, चार दिवसांचा रुसवा आहे. त्या परत आल्याच नाहीत. हेलनचं ते हसू मला आजही डाचतं. आम्ही सगळे रीतसर शिकलो, सर्टिफिकेटं भिंतीवर लागली आणि त्यांच्याखाली आमचे आजी-आजोबा विकतची थंड सँडविचेस चावत बसले.

माझ्या यादीत एक काम अजून तसंच आहे: सुमनताईंकडून आमटी शिकून घेणे.