नाव न घेता घातलेलं गाऱ्हाणं

शिमग्यात देवीची पालखी सहाणेवर, गावाच्या चौथऱ्यावर, बसली की गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा. मान घराण्याचा, त्यात कसली आलीय कर्तबगारी? चुलत्यांनाही तो मिळाला असता. पण लोक बाबांपाशी मन मोकळं करायचे, ते काही घराण्यातून मिळत नाही.

पालखीच्या आधी बाबा वाडीत घरोघर जाऊन पायरीवर बसायचे. चहा घ्यायचे आणि ऐकायचे. एखाद्याचं चुकत असेल तर तिथेच, त्याच्या तोंडावर सांगायचे. पाठीमागे चकार शब्द नाही. मग गाऱ्हाण्यात कुणाचंही नाव न घेता एकेक दुखणं देवीच्या कानावर घालायचे. कुठलं वाक्य कुणाचं, हे त्या त्या घरालाच कळायचं. आईने खोदून खोदून विचारलं तरी त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

गेल्या गणपतीनंतर बाबांना झटका आला. वाचा गेली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, बोललेलं समजणंही गेलंय. भावांचं म्हणणं, हे गावात कळू द्यायचं नाही. बोलता येत नाही एवढंच सांगायचं. भाऊ मुंबईत बसून ठरवणार, निभावायचं मी! मी निभावलं. लोक येत राहिले, बाबांच्या खाटेशी बसून जात राहिले.

यंदा गाऱ्हाणं चुलते घालणार होते. त्यांनी माईकसुद्धा सांगून ठेवला होता.

पालखीच्या आदल्या दिवशी शेजारची काकी आली. म्हणाली, "बाय, तू जरा भायेर जा." मी पडवीत गेले, पण ऐकू येत होतंच. सून माहेरी निघून गेली होती आणि मुंबईचा मुलगा आईचा फोन उचलत नव्हता. "भावजी, ह्ये मी कुनाला बोलली नाय. उद्या तुमी नुसते हात जोडा. देवीला पोचंल."

बाबा तिच्याकडे टक लावून बघत होते. तसे ते पंख्याकडेही बघतात.

मी गप्प राहिले असते तर काकी हलकी होऊन घरी गेली असती. पण ज्या माणसाने तिला कधी फसवलं नाही, त्याच्याच नावावर मी तिला फसवत होते. मला ते सोसेना. आत जाऊन म्हटलं, "काकी, त्यांना यातलं काही कळत नाही. ते मलासुद्धा ओळखत नाहीत." बोलता बोलता मला रडू फुटलं.

काकी रागावली नाही. तिने बाबांची चादर सारखी केली.

"कवापासून?"

"झटका आला तेव्हापासून."

"आनि आमी येऊन येऊन सांगत व्हतो."

ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "मंग आता सांगायचं कुनाला, बाय?"

मी तिच्या समोरच उभी होते. 'मला सांग' म्हणायला माझी जीभ रेटली नाही.