हातानं ऐकलेला रेडिओ

आमच्या गुरुजींनी कुणाचं उत्तर पहिल्या वेळी मान्य केल्याचं मला आठवत नाही. पोरगं उभं राहून उत्तर द्यायचं, गुरुजी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे आणि म्हणायचे, "फिरून सांग." मग बरोबर उत्तर दिलेल्या पोराला आपलं चुकलं असं वाटायचं आणि ते फिरून सांगताना दुसरंच काहीतरी सांगायचं. सात नव्वं त्रेसष्ट हे त्या वर्गात कितीदा तरी चौसष्ट झालं. चुकलेली पोरं मात्र निर्धास्त असत. ती तेच पुन्हा सांगत, जरा जास्त जोरात.

गाव कवठे महांकाळच्या अलीकडचं, कोरडवाहू. शाळा सातवीपर्यंत, पत्र्याची. साल त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर असेल. गुरुजी औंधाकडचे. पायजमा, काळा कोट, टोपी, आणि कोटाच्या खिशात खडूचे तुकडे. आवाज असा की ते सहावीला इतिहास शिकवू लागले की शेजारच्या तिसरीचाही तो पाठ व्हायचा. घरी कुणी भेटायला आलं तर ते आधी "उजेडात बसा" म्हणत आणि स्वतः खिडकीकडे पाठ करून बसत. गावाला ते अगत्य वाटे.

मी सहावीत असताना एका दुपारी वावटळीनं व्हरांड्यावरचा पत्रा उचलला आणि दाराशीच आपटला. तोफ सुटल्यासारखा आवाज झाला. सगळा वर्ग उभा राहिला, दोघी रडायला लागल्या. गुरुजी फळ्यावर नफातोट्याचं उदाहरण लिहीत होते, ते लिहीतच राहिले. उदाहरण पुरं करून वळले, तर सगळे उभे. क्षणभर ते गोंधळले, मग म्हणाले, "बसा. मी उठा म्हटलं नव्हतं." पोरं बसली. धाक किती थोर असतो, असंच सगळ्यांना वाटलं. मी तेवढी उशिरा बसले आणि त्यांनी ते पाहिलं.

शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"तुला कळलंय," ते म्हणाले.

मी मान डोलावली.

"घरी बोललीस?"

"न्हाई, गुरुजी."

"माझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत. थोरली साताऱ्याला मास्तरीण व्हायला शिकतीय. तिला नोकरी लागूस्तवर मला या फळ्याम्होरं उभं राहायचं हाय. वर कळलं तर डाक्टरकडं धाडतील. आन डाक्टर काय लिहील ते तुला-मला दोघांनाबी ठावं हाय."

त्या दिवसापासून मी पहिल्या ओळीत डाव्या टोकाला बसू लागले. उत्तर बरोबर असलं की हात पाटीवर, चुकलं की मांडीवर. घंटा झाली की मी पुस्तक मिटायचं. दाराशी कुणी आलं की वेणी पुढे घ्यायची. बारा वर्षांच्या पोरीला हे सगळं फार ऐटीचं वाटलं असेल, असा कुणाचा समज होईल. मला आठवते ती धाकधूक. शेजारणीनं हात धरला तरी वाटायचं, आता कुठलंतरी चुकीचं उत्तर बरोबर होणार.

बाहेरचं कुणी शाळेत येणार असलं की गुरुजींचा जेवणाचा डबा तसाच परत जायचा. खिशात हात घालून ते खडूची पूड करीत बसत. मग हळूच मला विचारत, "मिशा आहेत का साहेबांना?" बाकीचे गुरुजी साहेबाच्या हुद्द्याची चौकशी करायचे, जेवणाची करायचे, आमचे गुरुजी मिशांची. ओठ झाकणारी मिशी असली की त्यांचा निम्मा धीर तिथंच संपायचा. पान खाणारा साहेब त्याहून वाईट, आणि मिशा असून पान खाणारा आला तर देवाचीच आठवण.

तसा एक आलाच. शाळा तपासणाऱ्या साहेबांना आमच्याकडे अजून 'दिपोटी' म्हणत. त्या दिपोटींनी खुर्चीवर बसून दोन तास 'फिरून सांग' ऐकलं आणि शेरेबुकात लिहिलं की, प्रत्येक उत्तराचा पुनरुच्चार करून घेण्याची ही पद्धत अत्यंत अनुकरणीय आहे. महिन्याभरात तालुक्याला परिपत्रक निघालं. शेजारच्या गावची पोरं आम्हाला बाजारात भेटली की शिव्या घालायची. त्यांच्या मास्तरांचे कान ठणठणीत होते, तरी बिचाऱ्यांना सगळं दोनदा सांगावं लागे.

दिपोटींचं एवढ्यावर समाधान झालं नाही. दिवाळीनंतर गुरुजींचा आदर्श पाठ ठेवायचा, तो बघायला चाळीस शिक्षक यायचे आणि सांगलीहून मोठे साहेब, असं ठरलं. मांडव घातला. जाजम आलं. गावात जेवढ्या टोप्या होत्या तेवढ्या इस्त्रीला गेल्या. गुरुजी आठवडाभरात वाळले. मोठे साहेब जीपमधून उतरताना मी फाटकापाशी उभी होते. धावत आत गेले आणि आवाज न काढता नुसत्या ओठांनी म्हणाले, "लय मोठ्या हायत." गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

पाठ चालला बरा. साहेबांनी मागून काही विचारलं की मी उभी राहून म्हणे, "साहेब विचारतात की...", आणि प्रश्न पुन्हा म्हणून दाखवी. प्रश्नाचाही पुनरुच्चार होतो म्हणून साहेब खूष. शेवटी मात्र गुरुजी फळ्याकडे तोंड करून गणित मांडत असताना साहेब म्हणाले, "गुरुजी, पुरे." खडू चालूच राहिला. साहेब मोठ्यानं म्हणाले, "पुरे म्हटलं." चाळीस माना वर झाल्या. हात कुठे ठेवायचा, वेणी कुठे घ्यायची, माझ्याकडे यासाठी खूणच नव्हती. मी उठले, फळ्याजवळ गेले आणि गुरुजींच्या हातातला खडू घेतला. "गुरुजी, उरलेलं मी करू?" ते वळले, माझं तोंड वाचलं, मग साहेबांचं बघितलं आणि हात जोडले.

"वा," साहेब म्हणाले, "इथं विद्यार्थी आपणहून पुढे येतात." त्याचंही परिपत्रक निघालं असणार. मी चौकशी केली नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आमच्या घरी आले. माझे वडील, आप्पा, फौजेत तोफखान्यात होते. नुकतेच पेन्शनवर आले होते. गुरुजी उजेडात बसण्याचा आग्रह करू लागले, तेव्हा आप्पा ओट्याच्या कडेला उन्हात बसले.

"पोरीनं शाळेला मदत केली," गुरुजी म्हणाले. "तिला ट्रान्झिस्टर घ्यायचा म्हणतो. माझ्यातर्फे."

"आवं गुरुजी, एवढं काय केलं तिनं? फळा पुसला आसंल."

"पुसला," गुरुजी म्हणाले. "चांगला पुसला."

 गावात ट्रान्झिस्टर तेव्हा मोजके. सहावीतल्या पोरीला तो मिळाला तर आख्खं गाव विचारणार, कशाबद्दल? नंतर मी गुरुजींना तेच म्हटलं. पेन द्या, दप्तर द्या. त्यांचं ठरलं होतं. "पेन दिला तर त्यो उद्या माझ्याच खिशात यायचा. बक्षीस म्हणून द्यायचं आन मास्तरानंच वापरायचं, आसं लय बघितलंय मी. ज्याचा मला कवाच उपयोग न्हाई ते द्यायचं, म्हंजे ते खरं बक्षीस." त्यात आणखीही एक हिशेब असावा. रेडिओ आणणारा मास्तर बहिरा आहे, अशी शंका कोण घेईल? त्यांच्या मनात तो होता की नव्हता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवारी आम्ही तिघं एसटीनं सांगलीला गेलो. दुकानदाराच्या तोंडात पान होतं. गुरुजींचा चेहरा पडलेला मी पाहिला. त्यानं आधी आकडेमोडीचं एक यंत्र दाखवलं. बटणं दाबली की उत्तर. "पोरीला ह्ये घ्या. सायबाच्या टेबलावर असतंय." गुरुजींनी ते बोटानं बाजूला सरकवलं. "तिला तीसपर्यंत पाढे येतात. धडधाकट माणसाला कुबडी कशाला?" मग तीन ट्रान्झिस्टर काउंटरवर आले. दुकानदारानं तिन्हींचा कान पिळला आणि म्हणाला, "आता आवाज बघा, गुरुजी. तुम्हीच निवडा."

मी खुणेसाठी हात वर करणार, तेवढ्यात गुरुजींनी पहिल्या सेटच्या जाळीवर तळवा ठेवला. डोळे मिटले. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर, जरा जास्त वेळ. दुकानदार चावायचा थांबला. असलं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. हा कुणीतरी जाणकार दिसतो, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"हा," गुरुजी म्हणाले. "ह्याच्यात जीव आहे."

तिसऱ्या सेटचा कर्णा फाटका होता. बातम्या देणारी बाई पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी खरखरत होती, म्हणून तर तो हाताला एवढा थरथरत लागत होता.

"गुरुजी, ह्यो फाटतोय की," आप्पा म्हणाले.

दुकानदार गुरुजींकडे बघायला लागला. गुरुजी आप्पांकडे. मग माझ्याकडे. त्यांचा तळवा अजून जाळीवरच होता.

"मला हाच पायजे," मी म्हणाले.

"सुमे, आगं ऐक तरी."

"ऐकलाय मी. मला हाच आवडला."

परतीच्या एसटीत गुरुजी आमच्या पुढच्या बाकावर बसले. रेडिओ माझ्या मांडीवर होता, कातडी कव्हर घातलेला. बराच वेळ गेल्यावर आप्पा म्हणाले, "तोफेजवळ वरसंवरसं काढल्याली माणसं आमच्यात आशीच असायची. हात लावून बघायची समदं." ते अगदी गुरुजींच्या पाठीमागे बसून, चांगल्या मोठ्या आवाजात बोलत होते. पुढची मान वळली नाही. "मी काय इचारत न्हाई. तूबी सांगू नगंस."

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट आता हे तिसऱ्यालाही कळलं, तेव्हा चौथ्याला कळायला किती वेळ, याचीच धास्ती बसली.

पुढच्या रविवारी सकाळी गुरुजी आले आणि रेडिओ मागून घेऊन गेले. संध्याकाळी सांगलीहून परत आले ते दुसरा घेऊन. ओट्यावर ठेवला. आप्पांनी तो लावला, स्वच्छ लागला. गुरुजींनी या खेपेला हात लावून पाहिलं नाही.

"दुकानात तुझ्या बापाच्या ओठावर 'फाटतोय' वाचलं," ते मला म्हणाले. "मग तुझ्या ओठावर 'हाच पायजे' वाचलं. दोनी खरं कसं आसंल?"

मी हात पुढे करून रेडिओ बंद केला.

"शाळेत सांभाळून घेतलंस ती मदत झाली. ती मीच मागितली हुती. पर सोताच्या बक्षिसातबी खोटं बोललीस, आन डोळ्याची पापणी हालली न्हाई तुझी. तवा भ्यालो मी. तुला हे शिकवायला मला सरकारनं ठिवल्यालं न्हाई."

"गुरुजी, दोन वर्षं..." मी म्हणाले.

"ती माझी हायत. तुझी कशाला खर्च करू?"

सोमवारी त्यांनी तालुक्याला जाऊन आपल्याला ऐकू येत नसल्याचा अर्ज स्वतःच्या हातानं दिला. पुढचं सगळं कागदोपत्री झालं. डॉक्टरनं जे लिहायचं ते लिहिलं. आदर्श पाठाच्या शिक्षकाला ऐकूच येत नव्हतं, हे दिपोटींना कसं लागलं असेल याची कल्पना करायला मला आजही आवडतं. पद्धत मात्र त्यांनी मागे घेतली नाही. परिपत्रक होतं. नवे गुरुजी आले, त्यांना उंदीर पळाला तरी ऐकू यायचं, आणि तेही आमच्याकडून सगळं दोनदा म्हणवून घेत राहिले. थोरलीचं शेवटचं वर्ष गुरुजींनी औंधाकडच्या तुकड्यावर स्वतः राबून पुरं केलं, असं पुढं ऐकलं.

ते गाव सोडून निघाले त्या दिवशी निम्मी शाळा एसटीच्या थांब्यावर होती. हेडगुरुजींनी हार आणला होता आणि भाषणही, पण गाडी वेळेवर आली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं नाही. त्या घरघरीत खालची माणसं वरच्यांना ओरडून निरोप देत होती आणि वरची माणसं खिडकीतून कान पुढं काढून "काय? काय म्हणताय?" करीत होती. कुणाचं कुणाला कळत नव्हतं.

गुरुजी कडेच्या खिडकीत बसले होते. मी समोर उजेडात उभी राहिले आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, सावकाश म्हणाले, "गुरुजी, रेडिओ लय चांगला लागतोय."

"खरं?" त्यांनी विचारलं. ते एवढ्या मोठ्यानं की सगळी गाडी वळून बघायला लागली.

"खरं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या तोंडाकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. मग मान हलवली, आणि गाडी सुटली.