विजयानंतरची कथा

शालूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हापशात पोदेराकडून उंडे पाव घेत होते. त्याला दीड महिना झाला. रडून झालं, राग मात्र तसाच आहे. कारण तिच्या गावच्या, सर्वणच्या देवळाबाहेर तिच्या फोटोचा मोठा फलक लागलाय, खाली ‘महाकाव्याची उपासक’... आणि तो लावलाय तिला त्याच देवळात गप्प करणाऱ्यांनी.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झाल्यावर दर श्रावणात दुपारी ती देवळाच्या चौकात युद्धाची जुनी, लांबलचक कथा गावच्या बोलीत सांगायची. कॉलेजात असताना मी तिला महाकाव्याची व्याख्या म्हणून दाखवली होती: थोर नायक, विशाल कथानक, वीररस. ती म्हणाली, “असेल गे ते सगळं. पण लढाईच्या गोष्टीत फक्त आपली माणसं मरतात. महाकाव्यात शत्रूची आईसुद्धा रडते, आणि आपल्याला ऐकावं लागतं. ते नसेल तर नुसतं भांडण, लांबलेलं.”

गेल्या श्रावणात देवस्थान समितीचा नवा अध्यक्ष घरी आला. मी तिथेच होते. “शालूबाय, समारोपाला मोठे पाहुणे आहेत. विजयाचा शंख वाजला की संपवा. पुढचं रडगाणं नको.”

“रडगाणं?” आत्या म्हणाली. “अरे, त्यासाठीच तर एवढं सगळं सांगायचं.”

ती ऐकेना, तेव्हा समारोपाला तिच्या पाटावर लाऊडस्पीकर ठेवला. रेकॉर्डवरचा शंख वाजला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्याकडून वर्षानुवर्षं कथा ऐकलेली शिकलीसवरली माणसं ‘कशाला वाद’ म्हणत मांडी घालून बसून राहिली. अध्यक्षापेक्षा त्यांचाच मला जास्त राग येतो.

उरलेली कथा आत्याने घरच्या सोप्यावर सांगितली, पाच-सहा बायकांना. त्यांत सुनंदा होती, कुडाळकडची. नवरा शिरगावच्या खाणीवर कामाला आला, मुलगा खनिजाचा ट्रक चालवायचा, आणि तोच ट्रक उलटून तो गेला. तेव्हापासून ती कुणाशी धड बोलत नव्हती. बायका रणांगणात आपापली माणसं शोधतात तिथवर कथा आली, आणि सुनंदाने एकदम विचारलं, “हरलेल्यांच्या आवशींका कोणी पाणी तरी दिल्यानी काय?”

पोथीत तसं काही नव्हतं. “दिलं गे,” आत्या म्हणाली, “जिंकलेल्यांच्या आयांनीच दिलं.” आणि तिने ते पाणी देणं सावकाश सांगितलं, एकेका बाईपाशी थांबत. सुनंदा पदरात तोंड घालून रडली. मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदाच, असं तिची शेजारीण म्हणाली.

शोकसभेत अध्यक्ष आत्याच्या वीररसावर बोलला. मी उठले. “तुम्ही तिची कथा अर्ध्यात तोडलीत, ते सांगा ना.”

“हा तो प्रसंग नव्हे, बाय,” तो म्हणाला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग कुठला प्रसंग? मी निघून आले.

गेल्या आठवड्यात तिचं घर आवरायला गेले, तर सोप्यावर बायका बसलेल्या. सुनंदा कथा सांगत होती. नावं चुकत होती, दोन्हीकडचे राजे एकमेकांत मिसळत होते, पण मेलेल्या प्रत्येकाच्या आईपाशी ती थांबत होती. मला दारात उभी पाहून ती जरा सरकली.

“बस गो बाय,” ती म्हणाली. “अजून कितीतरी जणी रडाच्या रवल्यात.”