चारी बाजूंनी पाणी

नामदेवराव कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी एकच विचारायचे, "मागचं दार कुठं हाय?" माझ्या सुनीताला बघायला आले तेव्हाही हेच. पाटोद्याजवळच्या आमच्या घरी सगळी भावकी जमलेली, सतरंज्या अंथरलेल्या, आणि मुलाचा बाप उभ्या उभ्या मागचं दार विचारतो. मला राग आला. मी चौथी शिकलेला माणूस, पण मान कुणापुढं वाकवत नाही. म्हणालो, "का हो पाव्हणं, पळून जायचा इचार हाय का?" लोक हसले. ते हसले नाहीत. "तसं न्हाई. निघायची वाट दिसली की मला बसवतं." मग परसात जाऊन दार बघून आले, पाणी प्यायले आणि पोरगी बाहेर यायच्या आधीच म्हणाले, "सोयरीक पसंत. घराला दोन वाटा हायेत."

असा हा माझा व्याही. भित्रा. मी हे चोरून सांगत नाही, तेही कधी लपवत नसत.

कारण सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात, उमापूरकडच्या त्यांच्या गावात, ते आणि त्यांचा थोरला भाऊ विहीर खोल करायला उतरले होते. तळाला ओल लागली, पाणी फुटलं, दोघं आनंदानं ओरडले आणि वरची दरड सुटली. भाऊ मातीखाली गेला तो गेलाच. नामदेवराव कपारीत अडकले. लोकांनी माती उपसून वर काढेपर्यंत गुडघ्याचं पाणी छातीला आलं होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही जमिनीकडं बघत. "पाव्हणं, सगळं गाव पाण्यासाठी देव पाण्यात घालून बसलेलं, अन् मी खाली म्हणत होतो, बास, थांबव. दुष्काळात मी पाणी नको म्हणालो." त्यानंतर ते नदीत उतरले नाहीत. भरलेल्या हौदाच्या कडेनं जायचं तरी भिंतीला हात लावून जायचे.

पण याच भीतीवर त्यांनी गावची दूध सोसायटी पुष्कळ वर्षं चालवली. मीही एका सोसायटीचा संचालक होतो, माझ्या चेअरमनला कशाचीच भीती नव्हती, आणि ती सोसायटी आता नाही. यांची तरली. दुधाची गाडी बिघडेल म्हणून दुसरी सांगून ठेवलेली. चारा संपेल म्हणून सुगीतच कडबा रचलेला. म्हणायचे, "भ्यालेला माणूस दोनदा बघतो. शूर एकदाबी बघत न्हाई." आणि एकट्यानं काही ठरवायचं नाही. घरात म्हैस घ्यायची तरी ओसरीवर सभा. सूचक कोण, अनुमोदक कोण, हात वर करा. मतं सारखी पडली तर अध्यक्षाचं एक जादा मत, आणि ते जादा मत त्यांनी कायम 'तूर्त नको' यालाच टाकलं. गावातली टवाळ पोरं त्यांना 'तूर्तनको चेअरमन' म्हणायची.

मग विहीणबाईंच्या डोळ्यांचं निघालं. सरूबाई त्यांचं नाव. डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही म्हणाला. कडेकडेनं अंधार आत येतो, मधलं तेवढं शेवटाला राहतं. दत्ता, म्हणजे माझा जावई, पुण्याला नोकरीला. तो आईजवळ बसून म्हणाला, "आई, तुला काय बघायचं राहिलंय?" आम्हाला वाटलं, एखादं देवस्थान सांगतील.

"समिंदर," त्या म्हणाल्या.

नामदेवराव उठून बाहेर गेले.

तेही साल कोरडंच होतं. गावात टँकर आला की घागरींची भांडणं, जनावरं सगळी छावणीत. आणि ओसरीवर दत्ता मोबाईलवर जहाजं दाखवतोय. माझी बायको वारल्यापासून मी लेकीच्या घरी येऊन-जाऊन असायचो, म्हणून मीही सभेला. बाहेरून शेजारच्या म्हातारीनं ऐकवलंच, "इथं प्यायला न्हाई, अन् हे निघाले पाण्यावर हिंडायला!"

जहाजं तीन तऱ्हेची. एक केरळाकडचं, लाकडी घरासारखं, खाडीतून सावकाश चालणारं. दुसरं लहान जहाज, किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारं. त्यातून जमीन नजरेआड होत नाही. तिसरं म्हणजे तरंगतं गावच. मजल्यावर मजले, नाटकगृह, वर पोहायचा हौद. ते मुंबईहून सुटून थेट खोल समुद्रात जातं, आणि अख्खा एक दिवस जमीन दिसत नाही.

पहिलं सरूबाईंनीच उडवलं. "दोन्हीकडं काठ दिसतोय. ह्यो तर आपला कॅनॉलच की."

"मोठंच बरं, आप्पा," सुनीता सासऱ्याला म्हणाली. "लहान जहाज लाटेवर जास्त हलतं. मोठ्यात डॉक्टर असतो. मधल्या मजल्यावर मधोमध खोली घेतली की हलल्याचं कळतसुद्धा नाही."

नामदेवरावांनी घसा साफ केला. "मोठ्याला मागचं दार कुठं?"

"आप्पा, जहाजाला मागचं दार नसतं," दत्ता म्हणाला. "बाजूला होड्या टांगलेल्या असतात."

"कशाला?"

दत्तानं मोबाईल खाली ठेवला.

"कशाला रं?"

"लागल्या तर."

नामदेवरावांच्या कपाळाला घाम आला. मला हसू येत होतं, पण माझे तळहातही ओले झाले होते. आता ऊन होतं, त्यामुळंही झाले असतील.

मतदान झालं. लहान जहाजाला दत्ता आणि मी. मी कशापायी, ते विचारू नका. किनारा बघण्यासारखा असतो म्हणतात. मोठ्याला सुनीता आणि सरूबाई. दोन-दोन. सगळ्यांनी चेअरमनकडं बघितलं. जादा मत कुठं जाणार हे मांजरालाही ठाऊक होतं.

"लहान जहाज काय वाईट हाय?" ते बायकोला म्हणाले. आवाज विनवणीचा. "पाणी दिसंल, जमीनबी दिसंल."

सरूबाई म्हणाल्या, "जमीन लई बघितली. भेगा पडलेली, नांगरलेली, कसलीबी. अन् पाणी बघितलं ते वाकून. आडात वाकून, टँकरच्या टाकीत वाकून, रांजणाच्या बुडाला वाकून. एकदा ताठ उभं राहून बघायचंय. चारी बाजूनं. डोळे हायेत तवर."

नामदेवरावांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. मग सभेतल्या आवाजात म्हणाले, "अध्यक्षाचं मत मोठ्या जहाजाला." आणि उठून घाईनं परसात गेले. उलटी झाल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

मुंबईला धक्क्यावर ते जहाज बघितलं आणि माझी दातखीळ बसली. आमच्या गावाची सगळी घरं त्यात मावली असती. चढल्या चढल्या सगळ्यांना नारंगी जाकिटं घालून ती कशी बांधायची ते शिकवलं. बाकीच्यांनी काढून दिली. नामदेवरावांनी काढलं नाही. जाकीट घालून जेवले, जाकीट घालून झोपले. जेवण वाढणारी पोरं हसायची. ते त्यांना म्हणायचे, "हसा बाबांनो. तुमी रोजचे हाय." खोली मधल्या मजल्यावर, बिनखिडकीची घेतली होती. ते तिथून हलायलाच तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनीतानं सांगितलं, आता कुठंच जमीन दिसत नाही. सरूबाईंनी लुगडं नीट केलं आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. "येता का?" एवढंच विचारलं.

आले. वरच्या मजल्यावर आम्ही बाहेर पडलो तेव्हा वारा असा की धोतर अंगाला चिकटावं. मी दाराजवळचा खांब धरला. तिथून दिसतं चांगलं, म्हणून. नामदेवरावांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवलेला आणि डोळे गच्च मिटलेले. ती पुढं, ते मागं, पाय घासत. बाकावरच्या एका बाईनं उठून त्यांना वाट दिली. तिला वाटलं असणार, आंधळे तेच.

कठड्याशी सरूबाई थांबल्या. बराच वेळ समोर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, मला समोरचंच दिसतंय. कडंचं काळं हाय. डावीकडं काय हाय?"

नामदेवरावांचे डोळे मिटलेलेच होते. जाकिटाचे बंद हलताना मला खांबापासून दिसत होते.

"सांगा की. डावीकडं?"

त्यांनी डोळे उघडले. मी त्यांचं तोंड बघितलं आहे. विहिरीच्या तळाला ते तसंच झालं असेल.

"पाणी," ते म्हणाले.

"अन् उजवीकडं?"

"पाणीच."

"जमीन न्हाई का कुठंच?"

मला वाटलं, आता हा माणूस खाली बसणार. त्यांनी मान वळवून मागं बघितलं, सगळीकडं बघितलं, सावकाश, सोसायटीत दुधाचे कॅन तपासायचे तसं.

"कुठंच न्हाई," ते म्हणाले. "लई लांबपर्यंत पाणीच हाय, सरू."

बायकोला नावानं हाक मारताना मी त्यांना ऐकलं ते तेवढंच. सरूबाई हसल्या. तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं. ते बराच वेळ तिथंच उभे होते, डोळे उघडे ठेवून, आणि त्या विचारतील त्या बाजूचं सांगत होते.

पुढं दोन पावसाळ्यांनी नामदेवराव गेले. ताप आला आणि गेले. सरूबाईंची नजर तोवर पुरती विझली होती. दहाव्याला मी त्यांच्याजवळ बसलो. मला असलं बोलता येत नाही. म्हणालो, "विहीणबाई, माणूस भित्रा होता, पण चांगला होता."

त्या म्हणाल्या, "जमीन दिसती म्हणाले असते तर मला कुठं कळणार होतं? तेवढाच त्यांच्या जिवाला धीर झाला असता. पण न्हाई म्हणाले." मग म्हणाल्या, "भित्रा म्हणू नका त्यांना, पाव्हणं."

मी शब्द मागं घेणारा माणूस नाही. तो घेतला.